विज्ञानकथा मालिकांमध्ये कृष्णवर्णीय पात्रांच्या वाट्याला प्रेम किती येते?

अंबाझरीकर

धरमपेठेत आम्ही काही जण महिन्यातून एकदा जमतो, एखाद्या इंग्रजी विज्ञानकथा मालिकेचे दोन-तीन भाग पाहतो आणि त्यावर चहा थंड होईपर्यंत वाद घालतो. पुढच्या बैठकीसाठी मी एक विषय सुचवला आहे. त्याची मांडणी करण्यापूर्वी येथील जाणकारांचे मत घ्यावे असे वाटले. माझे निरीक्षण असे की या मालिकांतील कृष्णवर्णीय पात्रांना हुद्दा मिळतो, बुद्धी मिळते, शौर्यही मिळते, पण प्रेम करण्याची वेळ आली की पटकथा अंग चोरते.

'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन' (1987 ते 1994) मधील जॉर्डी ला फोर्ज घ्या. लेव्हार बर्टन यांनी साकारलेला हा दृष्टिहीन मुख्य अभियंता जहाजावरचे कोणतेही यंत्र दुरुस्त करू शकतो, मात्र स्त्रीशी दोन शब्द बोलायचे म्हटले की त्याची त्रेधा उडते. 1989 च्या 'बूबी ट्रॅप' या भागात तो संगणकाने उभ्या केलेल्या लीया ब्राम्स या शास्त्रज्ञ स्त्रीच्या प्रतिमेत गुंततो. 1991 च्या 'गॅलक्सीज चाइल्ड' मध्ये खरी लीया जहाजावर येते ती विवाहित निघते आणि आपल्या प्रतिमेचा हा सगळा प्रकार पाहून संतापते. त्याच जहाजावरच्या डेटा या यंत्रमानवाला मात्र पहिल्याच पर्वात एका स्त्रीचा सहवास लाभतो आणि पुढे एक प्रेयसीही मिळते. यंत्रापेक्षा माणसाचे नशीब खोटे असावे, याचे मला त्या वयातही नवल वाटले होते.

दुसरे उदाहरण 2007 मधील 'डॉक्टर हू' च्या मार्था जोन्सचे. फ्रीमा अजेमन यांनी साकारलेली मार्था लंडनमध्ये वैद्यकीचे शिक्षण घेते आणि पर्वभर मालिकेच्या नायकावर, म्हणजे 'डॉक्टर' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कालप्रवाशावर, प्रेम करते. डॉक्टर मात्र आपल्या आधीच्या गोऱ्या सोबतिणीच्या आठवणीत बुडालेला असतो. 'ह्यूमन नेचर' आणि 'द फॅमिली ऑफ ब्लड' हे जोडभाग 1913 सालच्या इंग्लंडमधील एका शाळेत घडतात. शत्रूपासून लपण्यासाठी डॉक्टर स्वतःची ओळख विसरून साधा मास्तर झालेला आहे, मार्था तेथेच मोलकरीण म्हणून राबते आहे, आणि तो मास्तर शाळेतल्या परिचारिकेच्या प्रेमात पडतो. आपण डॉक्टर होत आहोत असे मार्था त्या परिचारिकेला सांगते, तेव्हा मोलकरीण आणि त्यातही तुझ्या रंगाची बाई डॉक्टर होणे शक्यच नाही, असे उत्तर तिला मिळते. त्यावर मार्था स्वतःचा हात पुढे धरून पंजातील हाडांची नावे एकामागून एक म्हणून दाखवते. प्रसंग अप्रतिमच आहे. परंतु लेखकांनी हाडांची नावे मार्थाला दिली आणि प्रेम परिचारिकेला दिले, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

हा खरोखरच पडून गेलेला साचा आहे, की मला तो दिसावासा वाटतो म्हणून दिसतो? 'नेक्स्ट जनरेशन' मधील जहाजाचा गोरा कॅप्टन पिकार्डसुद्धा अखेरपर्यंत एकटाच राहतो, असे आमच्यातील एकाने लगेच सुनावले. बैठकीत दाखवण्याजोगे भागही कृपया सुचवावेत.

महालचा जुना प्रेक्षक

अंबाझरीकर ताई, आपण सांगता ती कहाणी जॉर्डीच्याही वीस वर्षे आधी सुरू होते. आमच्या पिढीने मूळ 'स्टार ट्रेक' दूरदर्शनवर रविवारी सकाळी पाहिली आणि तेव्हा त्यातील कृष्णवर्णीय अधिकारी उहुरा आम्हांला केवळ कानात यंत्र घालून बसणारी बाई वाटत असे. ती भूमिका करणाऱ्या निशेल निकोल्स पहिल्या पर्वानंतर मालिका सोडण्याच्या विचारात होत्या आणि मार्टिन ल्यूथर किंग यांनी त्यांना थांबण्याचा आग्रह केला, हे आम्हांला पुष्कळ उशिरा कळले.

12 जून 1967 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने लव्हिंग विरुद्ध व्हर्जिनिया या खटल्याचा निकाल दिला, तोपर्यंत तेथील 16 राज्यांत आंतरवंशीय विवाह कायद्याने निषिद्ध होते. त्यानंतर दीड वर्षही उलटले नव्हते, तोच 22 नोव्हेंबर 1968 रोजी 'प्लेटोज स्टेपचिल्ड्रन' हा भाग प्रसारित झाला आणि त्यात गोरा कॅप्टन किर्क व उहुरा यांचे चुंबन दाखवले गेले. अमेरिकी दूरचित्रवाणीवरचे असे पहिलेच चुंबन म्हणून त्याची ख्याती आहे. त्याआधीची उदाहरणे दाखवणारे लोकही आहेत, त्यामुळे पहिलेपणाचा मान मी जपूनच देतो. निकोल्स यांनी आपल्या आठवणींत सांगितले आहे की चुंबन नसलेले एक चित्रणही मागण्यात आले होते, आणि ते वापरताच येऊ नये म्हणून किर्क साकारणाऱ्या विल्यम शॅटनर यांनी कॅमेऱ्यासमोर मुद्दाम डोळे तिरळे केले.

आता कथेत काय घडते ते पाहा. त्या ग्रहावरचे लोक मनःशक्तीने इतरांची शरीरे हलवतात आणि करमणूक म्हणून या दोघांना एकमेकांकडे ढकलतात. दोघांपैकी कोणाचीही तशी इच्छा नाही. चुंबनापूर्वी उहुरा किर्कला सांगते की जहाजावर भीतीने जीव गोळा झाला असतानाही तुमचा आवाज कानी पडला की माझी भीती जात असे. आज हे लोक मला थरथरायला लावत आहेत, पण मी घाबरलेली नाही. इतके जिवाभावाचे बोलणे तिच्या तोंडी घातल्यानंतर लेखकांनी पुढच्या एकाही भागात त्याचा मागमूस ठेवला नाही. बळजबरी आहे म्हणूनच दाखवता आले, असे हे प्रकरण आहे. आणि 79 भागांच्या त्या मालिकेत उहुराला स्वतःचे असे प्रेमकथानक मिळाले नाही ते नाहीच. जॉर्डीचे कुटुंब तरी 2023 साली 'पिकार्ड' या नंतरच्या मालिकेच्या तिसऱ्या पर्वात दिसले. तेथेही दोन मुली पडद्यावर येतात, त्यांची आई येत नाही.

खामला वाचनकट्टा

वरील दोन्ही प्रतिसादांशी मी बव्हंशी सहमत आहे, मात्र बेंजामिन सिस्को आणि कॅसिडी येट्स यांच्याविना ही चर्चा पुढे जाऊ नये. ते दोघे ज्यात आहेत ती 'स्टार ट्रेक' परिवारातील 'डीप स्पेस नाइन' (1993 ते 1999) ही मालिका अनेकांनी अर्ध्यात सोडली, कारण तिच्यात जहाज कोठे जात नाही. एकाच अवकाशस्थानकावर सगळे घडते. परंतु एका ठिकाणी राहिल्यामुळेच तिला संसार दाखवता आला, असे माझे मत आहे.

सिस्को विधुर आहे. पहिल्या भागाच्या आरंभीच त्याची पत्नी युद्धात मरण पावते आणि मुलाला एकट्याने वाढवण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. 1995 साली हाच मुलगा, जेक, वडिलांची गाठ मालवाहू जहाजाची कप्तान असलेल्या कॅसिडीशी घालून देतो. पहिल्या भेटीत गप्पांना फारसा रंग चढत नाही. मग तिचा धाकटा भाऊ दूरच्या एका ग्रहावर बेसबॉल खेळतो आणि त्या सामन्याचे प्रक्षेपण तिला ऐकता येते, असे बोलण्यात निघते. बेसबॉल म्हणजे सिस्कोचा जीव की प्राण, आणि त्या शतकात तो खेळ जवळजवळ कोणीच खेळत नाही. दोघे सामना ऐकायला निघून जातात. त्याच वर्षी पुढे ती जवळच्याच मार्गावर नोकरी धरून स्थानकावर राहायला येण्याचा बेत सांगते, तेव्हा सिस्को भांबावून 'हे फार मोठे पाऊल आहे' असे काहीतरी पुटपुटतो आणि ती रुसते. मध्यमवयीन, जबाबदारीने वाकलेल्या, पुन्हा जीव लावायला बिचकणाऱ्या माणसाचे हे चित्रण इतके नेमके आहे की त्यात अवकाश वगैरे आहे हे विसरायला होते.

पुढे तिच्यावर बंडखोरांना औषधे व रसद पोहोचवल्याचा आरोप येतो आणि तिला पकडण्याचे काम सिस्कोलाच करावे लागते. ती पळून जाऊ शकत असताना परत येते, शिक्षा भोगते आणि सुटल्यावर दोघे पुन्हा एकत्र येतात. 1999 साली दोघांचे लग्न होते, तेही सिस्को ज्यांना मानतो त्या दैवी शक्तींनी 'हे लग्न केलेस तर दुःख भोगशील' असे बजावले असताना.

माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचा प्रसंग मात्र लग्नाचा नाही. 1999 च्याच 'बाडा-बिंग बाडा-बँग' या भागात सगळे सहकारी 1962 सालच्या लास व्हेगासची आभासी प्रतिकृती खेळत असतात आणि सिस्को तेथे पाऊल ठेवायला नकार देतो. त्या काळी तेथे आपल्या लोकांना गिऱ्हाईक म्हणून थारा नव्हता, मग तो इतिहास पुसून रंगवलेल्या जागेत आपण मजा का करावी, असा त्याचा सवाल असतो. कॅसिडीला तो इतिहास माहीत आहे. तरीही वस्तुस्थिती जशी असायला हवी होती तशी पाहण्यात वावगे काय, असे तिचे म्हणणे. एका कृष्णवर्णीय जोडप्याचा, स्वतःच्या घरात, स्वतःच्या इतिहासावरून झालेला हा मतभेद आहे. समजावून सांगायला तेथे कोणी गोरे पात्र उभे केलेले नाही. असा प्रसंग मला इतर कोणत्याही अवकाशमालिकेत आढळलेला नाही.

या मालिकेच्या शेवटाबद्दलही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. अखेरीस सिस्को मर्त्य जग सोडून त्या दैवी शक्तींच्या लोकात जातो आणि मूळ पटकथेत तो परत येण्याचे नाव काढत नव्हता. कॅसिडी तेव्हा गरोदर असते. कृष्णवर्णीय पुरुष आपल्या गरोदर पत्नीला टाकून निघून जातो, हे चित्र आपल्याला पटत नाही, असे सिस्को साकारणारे अ‍ॅव्हरी ब्रुक्स यांनी निर्माते आयरा स्टीव्हन बेहर यांना कळवले. बेहर यांनी ते मान्य करून प्रसंग पुन्हा चित्रित केला आणि त्यात सिस्को परत येण्याचे वचन देतो. लेखकांच्या मनात काही वाईट नव्हते. त्यांना ते दिसलेच नव्हते, आणि ज्याला दिसले तो केवळ अभिनेता होता. तो बोलला नसता तर काय झाले असते, याचा विचार अवश्य करावा.

संत्री आणि तारे

मंडळी, थोडा विरोधी सूर लावतो, राग नसावा. या प्रकारच्या चर्चेत आपण आधी निष्कर्ष काढतो आणि मग त्याला शोभतील अशी पात्रे वेचतो. विज्ञानकथा मालिका कोणाचाच संसार सुखाने चालू देत नाहीत. 'फायरफ्लाय' (2002) मध्ये जीना टॉरेस यांची झोई आणि तिचा गोरा नवरा वॉश हे त्या जहाजावरचे एकमेव सुखी जोडपे आहे. ती लढवय्यी, तो विनोदी वैमानिक, आणि दोघांची भांडणेसुद्धा खऱ्या नवराबायकोसारखी. याच कथेवरच्या 2005 च्या चित्रपटात जीव जातो तो वॉशचा. आता हा झोईवर अन्याय म्हणायचा, की केवळ त्या लेखकाची खोड?

'द फ्लॅश' (2014 ते 2023) चे उदाहरण तर कोणी घेतलेच नाही. चित्रकथांमध्ये गोरी असलेली आयरिस वेस्ट ही नायिका मालिकेत कँडिस पॅटन या कृष्णवर्णीय अभिनेत्रीने साकारली. ती पहिल्या भागापासून नायकाच्या मनात आहे, 2017 साली त्यांचे लग्न होते आणि शेवटच्या भागात त्यांना मुलगी होते. पटकथेने काही हातचे राखलेले नाही. त्रास दिला तो प्रेक्षकांनी. केवळ वर्णावरून आपल्यावर किती घाण ओतली गेली, हे पॅटन यांनी जाहीरपणे सांगितले आहे. तेव्हा दोष लेखकांच्या एकट्याच्या माथी मारू नये, इतकेच माझे म्हणणे आहे. बाकी 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' मधील डुआलाच्या बाबतीत माझ्याजवळ बचाव नाही. नवऱ्याचे मन सतत दुसरीकडे, आणि 2009 च्या एका भागात ती त्याच्याबरोबर आनंदाची संध्याकाळ घालवून खोलीवर येते, अंगठी काढून ठेवते आणि स्वतःवर गोळी झाडते. तिच्या दुःखाला जितका वेळ मिळाला तितका तिच्या प्रेमाला मिळाला असता तर बरे झाले असते.

निळे आभाळ

संत्री भाऊंचा आयरिसबद्दलचा मुद्दा योग्य आहे आणि तो अंबाझरीकर यांच्या बैठकीत यायलाच हवा. परंतु मला या प्रश्नाची आणखी एक बाजू दिसते. मी दीक्षाभूमीच्या परिसरात लहानाची मोठी झाले, म्हणून कदाचित ती मला आधी दिसत असावी.

बाबासाहेबांनी 1936 साली जातिनिर्मूलनावर लिहिताना आंतरजातीय विवाह हाच खरा उपाय असल्याचे मांडले. आपल्या कायद्याने अशा विवाहाला मुभा आहे, पण 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचे तर तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि ती कार्यालयात लावली जाते, म्हणजे ज्यांना मोडता घालायचा आहे त्यांना वेळ मिळतो. अमेरिकेत वर्ण आणि आपल्याकडे जात या गोष्टी एकसारख्या नाहीत, त्यामुळे ही तुलना मी फार ताणणार नाही. तरीही एक साम्य ठळक आहे. दोन्हीकडे कथा लिहिणारा जेव्हा उदार होतो, तेव्हा त्याला प्रेमकथा सुचते ती ओलांडण्याची : एक जण वरचा, दुसरा खालचा, आणि मध्ये समाज. आपल्या मराठी पडद्यावरही दलित तरुणाचे प्रेम बहुधा सवर्ण मुलीवरच असते. आमच्या वस्तीतील दोघे एकमेकांवर जीव लावतात, रुसतात, घर घेण्यासाठी पै-पै जमवतात, यात कोणाला गोष्ट दिसत नाही.

म्हणून मार्थाचा शेवट मला अधिक खटकतो. 2007 साली ती स्वतःहून डॉक्टरला सोडून जाते, ते उत्तम होते. पुढे तिचे टॉम मिलिगन या डॉक्टरशी लग्न ठरल्याचेही सांगितले गेले. आणि 1 जानेवारी 2010 रोजीच्या भागात ती अचानक मिकी स्मिथची पत्नी म्हणून समोर येते. हा मिकी म्हणजे डॉक्टरच्या आधीच्या सोबतिणीने मागे टाकलेला कृष्णवर्णीय प्रियकर. दोघांचे कधी आणि कशावरून जमले, याचा एकही प्रसंग नाही. सिस्को आणि कॅसिडीही एकाच वर्णाचे, पण त्यांना सामना ऐकण्यापासून सारे काही मिळाले. मार्था आणि मिकीला उरलेल्या दोघांना एका बाकावर बसवावे तसे बसवले आहे. मिश्र जोडी दाखवली की पुरोगामी आणि न दाखवली की मागास, असा हिशेब करण्याऐवजी दोन पात्रांना एकमेकांची ओळख होण्यासाठी पटकथेने किती वेळ दिला, हे मोजावे असे मला वाटते.

अंबाझरीकर

सर्वांचे मनापासून आभार. निळे आभाळ ताई, वेळ मोजण्याची आपली सूचना मला फार पटली, कारण तीमुळे पिकार्डच्या आक्षेपालाही उत्तर मिळते : पिकार्ड एकटा राहतो, पण जहाजावरच्या डॉ. क्रशर यांच्याविषयी त्याच्या मनात काय आहे यावर मालिका सात पर्वे रेंगाळते. जॉर्डीच्या मनात काय आहे हे एकदा विनोदासाठी आणि एकदा फजितीसाठी विचारले जाते.

सध्या 'प्लेटोज स्टेपचिल्ड्रन', 'द फॅमिली ऑफ ब्लड' आणि 'बाडा-बिंग बाडा-बँग' असे तीन भाग निश्चित करत आहे. चौथा म्हणून 'स्टार ट्रेक' परिवारातीलच 'डिस्कव्हरी' (2017 ते 2024) चा शेवटचा भाग घ्यावा काय? सोनेक्वा मार्टिन-ग्रीन यांची मायकेल बर्नहॅम ही मालिकेची नायिका आहे, तिचा आणि तिचा प्रियकर बुक याचा प्रवास सुखान्त आहे, आणि शेवटी त्यांचे घर व मोठा झालेला मुलगाही दिसतो. चर्चेचा शेवट गोड होईल.

खामला वाचनकट्टा

ताई, तो भाग घेऊ नये असे सुचवेन, आणि कारणही निळे आभाळ यांच्याच मोजपट्टीचे आहे. 2023 साली मालिका बंद होत असल्याचे कळल्यानंतर निर्मात्यांना उपसंहारासाठी थोडे जादा चित्रण करण्याची परवानगी मिळाली. ते घर आणि तो मुलगा या जोडलेल्या मिनिटांतच आहेत. 65 भागांच्या मालिकेत बर्नहॅमला संसार लाभला तो पुरवणीत, आणि तोही थेट म्हातारपणीचा. मधली वर्षे आपण पाहतच नाही.

त्याऐवजी चौथ्या पर्वातील एखादा भाग निवडावा. बुकचा ग्रह नष्ट झालेला आहे, ज्या शक्तीने तो नष्ट केला तिचा नाश करायला तो निघाला आहे, आणि बर्नहॅमला आधी त्या शक्तीशी संवाद साधायचा आहे. दोघांचे एकमेकांवर प्रेम आहे आणि दोघे एकमेकांच्या विरोधात उभे आहेत. कोणाचे चुकते हे मालिका लगेच सांगून टाकत नाही, त्यामुळे आपल्या मंडळींना वाद घालायला पुष्कळ वाव राहील. महालचे काका येणार असतील तर वेळ अर्धा तास वाढवून ठेवावी. उहुराचा भाग लागला की ते मध्येच थांबवून बोलतात, हा आमचा जुना अनुभव आहे.